गुरुवारची चौकडी

पाणीबाईंनी वर्षभरात सोळा किलो वजन उतरवलं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दवाखान्यात वजन कमी करण्याचा वर्ग चालायचा. त्याच्या शेवटच्या दिवशी छोटासा समारंभच झाला. आहार सांगणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी प्रत्येकाच्या हातात प्रमाणपत्र दिलं, फोटो काढले, आणि पर्स खांद्याला अडकवता अडकवता म्हणाल्या, "आता फक्त टिकवा हं." जाताना पंखा बंद करा म्हणावं, इतक्या सहज म्हणाल्या.

पाणीबाई हे अर्थातच खरं नाव नव्हे. शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावर, त्या तक्रारींचे फोन घ्यायच्या. नळाला पाणी आलं नाही, आलं ते गढूळ आलं, आलं ते थांबेना, काहीही झालं की माणसं त्यांनाच फोन लावायची. बावीस वर्षं लोकांचं ऐकून घेतल्यावर त्यांचा आवाज साखरेसारखा गोड झाला होता आणि पोटात मात्र रोज संध्याकाळपर्यंत नुसती आग. ती आग त्या बिस्किटांनी विझवायच्या. सोळा किलो काही हवेतून आले नव्हते.

त्या दिवशी समारंभ संपल्यावर दवाखान्याच्या पायऱ्यांवर चौघं जण प्रमाणपत्रं हातात धरून घुटमळत राहिले. पाणीबाई, एक शिंपी मास्तर, लिफ्ट दुरुस्त करणारे एक गृहस्थ आणि बालवाडीच्या एक ताई. वर्षभर शेजारी शेजारी घाम गाळला होता. घरी जायला पाय उचलत नव्हता. शेवटी मास्तरच म्हणाले, "वजन उतरत होतं तोवर सगळं गाव विचारत होतं. आता आहे तिथंच राहिलं तर कोण कौतुक करणार? 'वा, या आठवड्यात काहीच झालं नाही' असं कुणी म्हणतं का?"

ते सगळ्यांनाच पटलं. मास्तरांचं दुकान सहाला बंद व्हायचं. दर गुरुवारी सहा ते सात तिथंच जमायचं ठरलं. वजनकाटा ठेवायचा नाही, एकमेकांच्या ताटात डोकवायचं नाही. आणि ताईंनी एक दंडक घालून दिला. त्या रोज पंचवीस लहान मुलांची भांडणं सोडवत, त्यामुळे त्यांना त्यातलं कळत होतं. "मुलानं कुणाला मारलं तर 'का मारलंस' हे आधी विचारायचं नसतं," त्या म्हणाल्या. "आपणही 'काय खाल्लं' हे नंतर विचारू. त्याआधी काय झालं होतं, ते आधी."

सात महिने ही चौकडी अगदी सुरळीत चालली. इस्त्रीच्या टेबलाभोवती चार स्टुलं, मास्तरांच्या थर्मासमधला बिनसाखरेचा चहा, आणि आठवड्याभराची गाऱ्हाणी. लिफ्टवाल्यांना एकदा एका सोसायटीच्या अध्यक्षांनी असं काही झापलं होतं, की ते थेट बेकरीच्या दारात जाऊन उभे राहिले. तिथून त्यांनी ताईंना फोन लावला आणि आत न शिरता दहा मिनिटं नुसते बडबडत राहिले. मास्तरांच्या सासऱ्यांचं आजारपण असंच तिघांनी मिळून काढलं. पाणीबाई तर ऑफिसात लिफ्ट सोडून जिन्यानं चढायला लागल्या होत्या. तिसरा मजला गाठून, धाप न लागता, शिपायाला 'काय म्हणतोस' असं विचारणं हा त्यांचा रोजचा छोटा विजय होता.

आणि मग शहराची मोठी जलवाहिनी फुटली.

साधीसुधी नव्हे, मुख्य वाहिनी. अर्ध्या शहराचे नळ कोरडे पडले. रस्ता खणायला घेतला तर खाली दुसरी गळती सापडली, ती काढली तर तिसरी. दोन दिवसांचं काम आठवड्यावर गेलं. पाणीबाईंच्या टेबलावर दोन फोन होते, ते दोन्ही एकदम वाजायचे; एक कानाला लावला की दुसरा ठणाणा करायचा. नाकी नऊ आले. साहेब म्हणायचे, "सांगा, काम युद्धपातळीवर चालू आहे." हे वाक्य त्यांनी दिवसातून दोनशे वेळा म्हटलं असेल, आणि प्रत्येक वेळी पलीकडचा माणूस आणखीच भडकायचा.

घरी जावं तर घरी वन्सं. पाणीबाईंची धाकटी नणंद एका मोठ्या बेकरीत केक सजवायचं काम करायची. दुकानाच्या पायरीवरून घसरून तिचा पाय मोडला आणि सहा आठवड्यांचं प्लॅस्टर घेऊन ती भावाकडे राहायला आली. बाई मनानं सोन्यासारखी, पण तिच्या हातांना गप्प बसायची सवय नव्हती. स्टुलावर पाय ठेवून, ओट्याशी बसून ती रोज काहीतरी ओव्हनमध्ये घालायची. एक दिवस चॉकलेटचा केक, एक दिवस लोण्याची बिस्किटं, एक दिवस मलई भरलेले गोल पाव. संध्याकाळी पाणीबाई दमूनभागून दारात आल्या की वासानंच पाय ओट्याकडे वळायचे.

"वहिनी, किती वाळलात हो," वन्सं म्हणायची. "एवढासा तुकडा घ्या. तुमच्यासाठीच केलाय."

नाही म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा. प्लॅस्टरमधल्या माणसाचा चेहरा उतरलेला बघवत नाही. मग एवढासा तुकडा. मग त्याच्या शेजारचा. नवरा दोघींकडे आळीपाळीनं बघायचा आणि मूग गिळून स्वतःचा तुकडा संपवायचा.

पहिला गुरुवार खरोखरच हुकला, त्या दिवशी कामावरून सुटायलाच आठ वाजले. दुसऱ्या गुरुवारी त्या साडेपाचला मोकळ्या झाल्या होत्या, पण ग्रुपवर 'जादा ड्युटी' असं लिहून सरळ घरी गेल्या. गणवेशाची पँट पोटावर काचायला लागली होती, आणि ती घालून एका शिंप्यासमोर जाऊन बसायचं म्हणजे चोरीचा माल घेऊन चौकीत जाण्यासारखं. त्यांनी एक उपाय केला, आणि तो इतका लाजिरवाणा होता की नवऱ्यालाही सांगितला नाही. मास्तरांच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, दुसरा एक शिंपी बसायचा. मास्तर जेवायला गेल्याची वेळ साधून त्या तिथं गेल्या आणि पँटची कंबर दोन बोटं उसवून घेतली.

जलवाहिनी फुटल्याच्या अकराव्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, पाणीबाई खाली जाऊन बिस्किटांचा मोठा डबा घेऊन आल्या. जिन्याकडे बघितलं आणि लिफ्टचं बटण दाबलं. गेला आठवडाभर त्या लिफ्टनंच जात होत्या. दार लागलं, लिफ्ट हलली, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये एकदा उचकी दिल्यासारखी थरथरली, आणि थांबली.

त्यांनी सगळी बटणं दाबून बघितली, दारावर थापा मारल्या. मग घंटीचं लाल बटण दाबलं आणि पलीकडच्या माणसाला चांगलं फैलावर घ्यायच्या तयारीनं श्वास भरून घेतला. अकरा दिवस लोकांचं ऐकून घेतलं होतं. आज कुणाला तरी ऐकवायची पाळी त्यांची होती.

"लिफ्ट दुरुस्ती," जाळीतून आवाज आला. "कोण आहे आत?"

भरलेला श्वास तसाच राहिला. हा आवाज त्यांनी सात महिने दर गुरुवारी ऐकला होता. या भागातल्या सगळ्या लिफ्टा त्यांच्याकडेच होत्या, हे त्या घाईत विसरल्या होत्या. पाणीबाईंनी झटकन रुमाल तोंडावर धरला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "एक बाई आहे."

"एकट्याच आहात? दिवा चालू आहे ना?"

"हो."

"बरं. आता काय होणार ते सांगतो. मी दोन रस्ते सोडून आहे, पंधरा मिनिटांत पोचतो. माझा जोडीदार वर मशीनच्या खोलीत जाईल, मी तुमच्या दाराशी येईन. मध्ये एकदा दिवा जाईल, तो आम्हीच घालवलेला असेल. हवा भरपूर आहे, खाली बसलात तरी चालेल. दहा मिनिटांनी मी परत बोलतो, पोचलो नसलो तरी." क्षणभर थांबून ते म्हणाले, "आणि पाणीबाई, तोंडावरचा रुमाल काढा. श्वास नीट घेता येईल."

पाणीबाई लिफ्टच्या कोपऱ्यात टेकून खाली बसल्या. ओरडायला काहीच शिल्लक राहिलं नव्हतं. आधी शरमेनं कान गरम झाले, मग हसू आलं, आणि मग त्यांनी डबा उघडला.

बरोबर दहा मिनिटांनी जाळीतून आवाज आला, कोपऱ्यावरच्या सिग्नलला आहे म्हणाले. त्यानंतर पाचेक मिनिटांत वरच्या बाजूनं दार वीतभर सरकलं. तिसऱ्या मजल्याची फरशी पाणीबाईंच्या डोक्याच्या पातळीवर होती, त्यामुळे त्यांना लिफ्टवाल्यांचे फक्त बूट आणि गुडघे दिसले. मग ते फरशीवर मांडी घालून बसले आणि फटीतून त्यांचा चेहराही दिसला. त्यांना पाणीबाई दिसल्या, मांडीवरचा डबा दिसला, आणि पदराला पुसावेत तसे शर्टाला पुसलेले चुरेही दिसले असणार.

"जोडीदाराला वर वीसेक मिनिटं लागतील," ते म्हणाले. मग डब्याकडे न बघता विचारलं, "काय झालं होतं?"

पाणीबाईंना वाटलं होतं की त्या लोकांच्या शिव्यांबद्दल सांगतील. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. रोज सकाळी नऊला एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन यायचा. आवाज चढवायचे नाहीत, काही नाही. बायको अंथरुणाला खिळलेली, तिला धुवायपुसायला पाणी लागतं, एवढं सांगून विचारायचे, 'उद्या येईल का हो?' अकरा दिवस त्या 'काम युद्धपातळीवर चालू आहे' असंच सांगत होत्या, आणि ते अकरा दिवस 'बरं, थँक्यू' म्हणून फोन ठेवत होते. आज ठेवताना त्यांचा आवाज कापला. तेव्हापासून पाणीबाईंच्या डोक्यात बिस्किटांशिवाय दुसरं काही नव्हतं. मग वन्संच्या केकचंही सांगितलं, चुकवलेल्या गुरुवारांचंही सांगितलं. पँटचं तेवढं सांगितलं नाही.

सगळं ऐकून झाल्यावर लिफ्टवाले म्हणाले, "मला रोज अडकलेली माणसं भेटतात. कधी सुटाल हे मलाही माहीत नसतं, एखादा पट्टा तुटलेला निघाला तर दोन तास जातात. पण आत्ता काय चाललंय ते माहीत असतं, आणि परत कधी बोलीन ते माझ्या हातात असतं. माणसाला तेवढं दिलं की तो निम्मा सुटतो. 'काम चालू आहे' म्हटलं की मात्र दार तोडायला उठतो."

"मला तर साहेब काही सांगतच नाहीत."

"मग आधी तुम्ही साहेबांच्या लिफ्टचं बटण दाबा," ते म्हणाले.

पाणीबाईंनी डबा फटीतून वर सरकवला आणि हा घेऊन जा म्हणाल्या. लिफ्टवाले दचकून मागं सरकले. "मला कशाला देता? माझंही दुखणं तेच आहे." दोघंही हसायला लागले. शेवटी दोघांनी एकेक बिस्किट खाल्लं आणि उरलेला डबा वरून उतरलेल्या जोडीदाराच्या हवाली केला. तो काडीपैलवान होता, कपाटभर खाल्लं तरी अंगाला लागायचं नाही, आणि याबद्दल लिफ्टवाल्यांचा त्याच्यावर जुना राग होता.

सुटका झाल्यावर पाणीबाई टेबलाशी गेल्याच नाहीत. त्या थेट साहेबांच्या खोलीत शिरल्या आणि उभ्या उभ्याच बोलल्या. दर दोन तासांनी खड्ड्यावरच्या इंजिनियरचा फोन त्यांना यायला हवा, कितवा सांधा जोडून झाला, टँकर कुठं उभा आहे, सगळं कळायला हवं. नाहीतर साहेबांनी स्वतः एक तास तो फोन घेऊन बघावा. साहेबांनी त्यांना बावीस वर्षांत असं बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांनी इंजिनियरचा नंबर दिला.

त्या दुपारपासून पाणीबाई वेगळं बोलायला लागल्या. पाणी कधी येईल ते मला माहीत नाही, पण तिसरा सांधा आत्ता जोडतायत, चारला तुमच्या कोपऱ्यावर टँकर येतोय, आणि सहाला मला पुढचं कळेल. लोक चिडायचे राहिले असं नाही, पण पुष्कळ जण मध्येच 'बरं, ठीक आहे' म्हणून फोन ठेवायला लागले. म्हाताऱ्या गृहस्थांना तर त्यांनी चारला आपणहून फोन केला. टँकर उभा असलेला कोपरा सांगितला, आणि टँकरवाल्याला दोन बादल्या घरापर्यंत पोचवायलाही सांगितलं. मग ते म्हणाले, "तुमचं जेवण झालं का हो?" इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

त्या गुरुवारी पाणीबाई सहाला पाच कमी असताना मास्तरांच्या दुकानात हजर होत्या. ताई आणि लिफ्टवाले आधीच आले होते. लिफ्टवाल्यांनी लिफ्टचं कुणाला सांगितलेलं नव्हतं, ते त्यांच्या निर्विकार चेहऱ्यावरूनच कळत होतं. पाणीबाईंनी स्वतःच सगळं सांगितलं. चार किलो वाढलेत, हेही सांगून टाकलं. कुणी हळहळलं नाही. मास्तरांचं मात्र लक्ष कुठं तरी दुसरीकडेच होतं. ते पाणीबाईंच्या पाठीमागं गेले, चष्मा नाकावर खाली ओढला, आणि पँटच्या कंबरेकडे निरखून बघत राहिले.

"हा टाका माझा नाही," ते म्हणाले.

पाणीबाईंनी शर्ट खाली ओढला.

"चार किलोंचं काही नाही बाई. वाढतात, उतरतात. पण तुम्ही त्या समोरच्याकडे गेलात?" मास्तरांचा आवाज खरोखरच दुखावलेला होता. "निळ्या कापडाला त्यानं काळा दोरा वापरलाय. आणि अशी पँट घालून तुम्ही आठवडाभर शहरभर फिरलात."

ताईंनी आधी तोंडावर हात धरला, पण त्यांना आवरलं नाही. मग लिफ्टवाल्यांचा बांध फुटला, आणि शेवटी पाणीबाईही डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. मास्तर तेवढे हसले नाहीत. त्यांनी पाणीबाईंना पडद्यामागं पाठवून, दुकानातली एक जुनी पँट घालायला देऊन, ती कंबर तिथल्या तिथं उसवली आणि नीट शिवून दिली. शिवता शिवता पुटपुटत होते, की अंग आज जेवढं आहे तेवढ्याला आज कपडा नीट बसला पाहिजे. काचणाऱ्या कपड्यात माणूस दिवसभर स्वतःवर चिडलेला असतो, आणि चिडलेला माणूस काय करतो ते आपल्या चौघांना चांगलं ठाऊक आहे.

राहता राहिला वन्संचा प्रश्न. तो ताईंनी हातात घेतला. शनिवारी त्या पाणीबाईंच्या घरी आल्या, वन्संची चौकशी केली, तिच्या हातचा केकचा एक तुकडा चवीनं खाल्ला, आणि मग पिशवीतून रंगीत कागदांचे गठ्ठे, कात्र्या आणि डिंक बाहेर काढला. बालवाडीच्या भिंतीवर समुद्र करायचा होता. दोनशे मासे, चाळीस खेकडे, एक देवमासा. कुणाच्या हातात कला असेल तर बरं होईल, असं त्या उगाच छताकडे बघत म्हणाल्या.

वन्संनी पहिला मासा कापला तो दहा मिनिटांत. दुसऱ्याला तिनं साय पसरावी तसे पातळ कागदाचे खवले लावले. दुपारी जेवायची आठवण करून द्यावी लागली. पुढचे तीन आठवडे त्या घरात ओव्हन लागला तो दोनदाच, आणि पाणीबाई घरी यायच्या तेव्हा सगळ्या खुर्च्यांवर मासे वाळत पडलेले असायचे. नवऱ्याला बसायला जागा नसायची, पण तो खूश होता. एका संध्याकाळी पाणीबाईंनी वन्संजवळ बसून खरं काय ते सांगितलं, की तुम्ही दिलेला तुकडा मला नाही म्हणवत नाही, आणि मग तिथं थांबताही येत नाही. वन्संनी हातातल्या खेकड्याचा शेवटचा पाय चिकटवला.

"मला वाटायचं, फुकट बसून खातेय," ती म्हणाली. "म्हणून काहीतरी करत होते. आधी बोलला असतात तर वहिनी, मी तुम्हाला भाज्याच चिरून दिल्या असत्या."

तेव्हापासून ती भाज्या चिरायला लागली. तिथंही हौस सुटली नाही. गाजराची फुलं आणि काकडीची पानं होऊन ताटात यायची.

जलवाहिनी अठराव्या दिवशी दुरुस्त झाली. त्या दिवशी पाणीबाईंना सकाळी नऊला फोन आला, नळ सुरू झाल्याचा. एवढं सांगायला कुणी तक्रारीच्या नंबरावर फोन करत नाही. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी केला. चार किलोंपैकी अडीच दोन महिन्यांत उतरले, आणि दीड अजून ठाण मांडून बसलेत. पाणीबाई त्यांच्याकडे पाहुण्यासारखं बघतात: आहेत तोवर आहेत, खोली कायमची दिलेली नाही. जिना त्यांनी पुन्हा सुरू केला. पहिले आठ दिवस धाप लागली, मग थांबली.

वन्संचं प्लॅस्टर निघालं आणि ती आपल्या घरी, आपल्या केकांकडे परत गेली. जाण्याआधी बालवाडीत जाऊन भिंतीवरचा समुद्र बघून आली, आणि देवमासा थोडा वाकडा लागलाय म्हणून तिथंच उभी राहून सरळ करवून घेतला.

मग ताईंची पाळी आली. बालवाडीची तपासणी लागली, वरून माणसं येणार, फाइली अपुऱ्या, मदतनीस रजेवर. गुरुवारी ताई हसत होत्या, पण चहाचा पेला दोन्ही हातांनी घट्ट धरून. काय झालं होतं, असं मास्तरांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की अजून काही झालं नाहीये, सोमवारी साडेदहाला होणार आहे. मुलांची खाऊची सुट्टी संपते, ताटल्यांमध्ये अर्धवट खाल्लेलं उरतं, आणि त्या आवरताना दोन्ही हातांनी तोंडात टाकत जातात. आपण खातोय हे त्यांना ताटल्या रिकाम्या झाल्यावरच कळतं.

सोमवारी बरोबर साडेदहाला पाणीबाईंनी एक फोन बाजूला काढून ठेवला आणि दुसऱ्यावरून ताईंना लावला.

"ताटल्या समोर आहेत?"

"आहेत. तपासणीवाले शेजारच्या खोलीत फाइल बघतायत. माझा हात ताटलीकडे जातोय."

"बोलत राहा. ती फाइल कुठली, त्यात काय कमी आहे, ते सांगा."

ताई सांगत राहिल्या. एका मुलाच्या लसीची तारीख लिहायची राहिली होती, हजेरीचं एक पान फाटलं होतं, आणि तपासणीला आलेल्या बाईंनी भिंतीवरच्या समुद्राकडे बघून तोंड वाकडं केलं होतं, की त्यांचं तोंडच तसं होतं, कुणास ठाऊक. पाणीबाई हं हं करत ऐकत राहिल्या. पलीकडे ताटल्या एकात एक ठेवल्याचा आवाज आला, मग नळाचा.

"एक केळ्याचा तुकडा खाल्ला," ताई म्हणाल्या. "बसून खाल्ला. गोड होता."

"मग छान झालं की."

"चला, बोलावतायत मला. अकराला मीच करते फोन."

पाणीबाईंनी बरं म्हटलं, आणि बाजूला काढून ठेवलेला फोन जागेवर ठेवला. तो लगेच वाजला. पलीकडे कुणाच्या तरी छतातून पाणी गळत होतं आणि तो माणूस भयंकर तापला होता. पाणीबाईंनी खुर्ची पुढं ओढली आणि त्याला आधी त्याचा पत्ता विचारला.